देवी आल्या, देवी आली

लातूरला माझी भाची नीटच्या तयारीसाठी होस्टेलवर राहते. एका रविवारी धपाट्यांचा डबा घेऊन गेले. खोलीत चार खाटा, भिंतीला आवर्तसारणी, आणि चौघी पोरी एकाच खाटेवर दाटीवाटीनं बसलेल्या. मधोमध उशीला टेकवून उभा केलेला मोबाईल. डबा उघडला, लसणाचा वास खोलीभर झाला, तरी एक मान वर होईना. "काय बघायलात गं एवढं?" म्हटलं, तर भाची म्हणाली, "मावशी, थांब की जरा. उगं पाचच मिनिटं राहिलेत."

पडद्यावर एक शाळकरी पोरगी आरशासमोर बसली होती. गालभर लाल पुटकुळ्या, जाड भिंगांचा चष्मा, केस विस्कटलेले. तिचे हात भराभर चालले आणि बघता बघता आरशात दुसरीच कुणी येऊन बसली. चौघींनी एकदम सुस्कारा टाकला. मालिकेचं नाव 'ट्रू ब्यूटी'. त्या चौघींपैकी एकीनं मोबाईलवरूनच कोरियन लिपी शिकून घेतली आहे, रसायनशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर तिचा सराव चालतो. ती म्हणाली, "मावशी, खरं नाव हे नाहीच. कोरियनमध्ये 'यॉशिन गांगनिम' आहे. म्हणजे देवी अवतरली."

मला हसू आलं. का, ते त्यांना कळेना. आमच्या घरात 'देवी आली' हे शब्द चेहऱ्याबद्दलच बोलले जायचे, फक्त नेमके उलट अर्थानं. माझ्या आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. उदगीरकडचं खेडं, निजामाचं राज्य. ती वाचली, पण गालांवर, नाकावर, कपाळावर वण राहिले, पाऊस पडून गेल्यावर धुळीत उमटतात तसे. तिच्या लग्नाची गोष्ट निघाली की घरातलं वाक्य ठरलेलं असायचं: "देवीचे वण होते, म्हणून बिजवराला दिली."

पोरींपैकी एकीलाही देवी नावाचा रोग असतो हे माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नाही. भारतातल्या मातीत लागण झालेला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं हा रोग पृथ्वीवरून गेल्याचं जाहीर केलं. माणसानं माणसाचा समूळ संपवलेला असा रोग आजवर हा एकच. पण त्याआधीच्या मराठीत बघा: रोगाला रोग म्हणायचं नाही. ती आलेली बाई आहे, तिचा मान ठेवायचा, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा, घरात फोडणी द्यायची नाही. लस टोचण्यालासुद्धा 'देवी काढणं' म्हणायचे.

आणि आता गंमत ऐका. पाच हजारांहून जास्त किलोमीटर लांब कोरियातही या रोगाचं नाव घ्यायचं नाही अशीच रीत होती. तिथं त्याला 'मामा' म्हणत. आपला आईचा भाऊ नव्हे, राजघराण्यातल्या माणसांना लावायचं ते आदराचं संबोधन. नाहीतर 'सोन्निम' म्हणत, म्हणजे पाहुणी. दोन्हीकडच्या आयांनी पाळण्यातल्या पोराचा चेहरा वाचवण्यासाठी त्याच रोगापुढे सारखेच हात जोडले होते. त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती. कोरियाच्या त्या भाषेत आज 'देवी अवतरली' म्हणजे चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग गेला, आणि आमच्या आजीच्या भाषेत 'देवी आल्या' म्हणजे डाग आयुष्यभरासाठी राहिले.

दोन्ही देवी चेहऱ्यावरच का येतात, याला कारण आहे. चेहऱ्याच्या कातडीत तेल बनवणाऱ्या बारीक ग्रंथी फार दाटीनं असतात. देवीचे फोड या तैलग्रंथींचा नाश करायचे. त्या ढासळल्या की तिथं खळगा पडायचा, म्हणून वण पाठीपोटापेक्षा गालानाकावर जास्त. मालिकेतल्या पोरीच्या पुटकुळ्यांचं घरही तेच. वयात येताना संप्रेरकं या ग्रंथींना जागं करतात, तेल वाढतं, केसाच्या मुळाशी मेलेल्या पेशींचा बोळा बसतो, आत कोंडलेल्या तेलावर तिथलेच जिवाणू पोसतात आणि फोड लाल होतो. बोळा उघड्यावर असला तर त्याचं तोंड काळं पडतं. ते काळं म्हणजे मळ नव्हे. कातडीचा रंग ज्या मेलानिनचा असतो तेच ते, हवा लागलेलं. दगडानं घासून, साबणानं धुऊन ते जाणार कसं? तारुण्यात दहातल्या आठांहून अधिक जणांना मुरमं येतात. आमच्या आजीला मात्र ती फारशी कधी आली नाहीत म्हणे. येणार कुठून, ग्रंथीच जळून गेलेल्या.

या मालिकेचं मूळ एका चित्रकथेत आहे. कोरियात मोबाईलवर बोटानं खाली सरकवत वाचायच्या चित्रकथा असतात, त्यांना वेबटून म्हणतात. 'याओंगी' या टोपणनावानं लिहिणाऱ्या चित्रकर्तीनं ही कथा २०१८ मध्ये सुरू केली. याओंगी म्हणजे आपल्याकडची मनीमाऊ. डिसेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात टीव्हीएन वाहिनीवर तिची सोळा भागांची मालिका झाली. नायिका इम जु-ग्यंग, म्हणजे अभिनेत्री मून गा-यंग. जुन्या शाळेत दिसण्यावरून तिचा छळ होतो. बापाचे पैसे बुडतात, घर बदलतं, शाळा बदलते, आणि दरम्यान ती मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून मेकअप शिकते. नव्या शाळेत पोरं तिला देवीच म्हणायला लागतात. तिचा धुतलेला चेहरा ठाऊक असलेला वर्गातला मुलगा सुरुवातीला एकच, सू-हो. ही भूमिका चा उन-वू नावाच्या गायक-नटाची आहे. त्याचं नाव काढलं की होस्टेलच्या त्या खोलीतलं तापमान दोन अंशांनी वाढतं.

मालिकेनं आपल्याशी एक लबाडी केली आहे, ती सांगून टाकते. मून गा-यंग मुळात देखणी आहे. तिच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या चिकटवल्या, चष्मा लावला आणि म्हटलं, ही कुरूप. मग त्याच काढल्या आणि म्हटलं, ही सुंदर. नाक, जबडा, डोळे सोळा भाग जसेच्या तसे. ज्या पोरीचं नाकच बसकं आहे, तिनं यातून काय घ्यायचं? तरीही ती लाल गालांची पोरगी पिशवीनं तोंड झाकत घराबाहेर पडते तेव्हा छातीत कळ येतेच. अभिनय चांगला आहे हो.

पण मला जास्त नवल वाटलं ते त्या आरशासमोरच्या मिनिटाचं. रंगाच्या थोड्या डब्या आणि एक कुंचला घेऊन माणसाच्या मेंदूला इतकं सहज कसं फसवता येतं? त्या पोरीनं लाल पुटकुळीवर आधी हिरवट रंग लावला. रंगचक्रात लालच्या समोर हिरवा असतो, दोघं एकमेकांना मारतात आणि मागं उरतो तो करडा-तपकिरी, कातडीच्या जवळचा. त्यावर मग कातडीचा रंग बसवायचा. गालाच्या हाडाखाली किंचित गडद पट्टा ओढला की गाल आत गेल्यासारखा दिसतो. खरं तर काहीच आत गेलेलं नसतं. आपला मेंदू उजेड वरूनच येतो असं धरून चालतो, कारण लाखो वर्षं तो सूर्याकडूनच आला. वरची बाजू उजळ आणि खालची गडद असली की मेंदू म्हणतो उंचवटा. वरची गडद असली की म्हणतो खड्डा. चंद्रावरच्या विवरांचा फोटो मोबाईलवर काढा आणि मोबाईल उलटा धरून बघा. खड्ड्यांची टेंगळं होतात. जु-ग्यंगच्या गालावर घडतं ते हेच.

तिच्या हातात एक गोल डबी होती, आत ओला स्पंज, त्यावर फडकं दाबून गालाला टिपायचं. तिला कुशन म्हणतात. ती २००८ मध्ये कोरियाच्या अमोरे पॅसिफिक कंपनीनं बाजारात आणली, आणि तिची कल्पना सुचली कशावरून? पार्किंगच्या पावतीवर शिक्का मारतात त्याच्या शाईच्या पॅडवरून! तलाठ्याच्या टेबलावर असतं तसलंच ते. शाई सांडत नाही, सुकत नाही, आणि शिक्क्याला दर वेळी सारखीच लागते. कुणाला तरी त्या पॅडमध्ये गाल दिसला.

आता नाकाकडे येऊ. मराठीत या मालिकेची सख्खी बहीण शोधायची तर मी 'फँड्री'चं नाव घेईन. नागराज मंजुळेंचा हा चित्रपट २०१४ च्या १४ फेब्रुवारीला, बरोबर व्हॅलेंटाईन डेला लागला. त्यातला जब्या शाळेत जाणारा, शालूच्या प्रेमात बुडालेला. आपलं बसकं नाक टोकदार व्हावं म्हणून तो नाकाला चिमटा लावून बसतो. तो प्रसंग आला तेव्हा आमच्या थिएटरात सगळे हसले. कोरियात हाच चिमटा प्लास्टिकच्या सुबक वेष्टनात विकत मिळतो, नाकाची धार वाढवण्यासाठी. म्हणजे जब्याचा चिमटा काही वेडेपणा नव्हता, फक्त त्याला वेष्टन नव्हतं. मात्र दोघांत एक अंतर आहे आणि ते मी पुसणार नाही. जु-ग्यंगनं तोंड धुतलं की तिची अडचण दिसते. जब्यानं शंभर वेळा तोंड धुतलं, पावडर थापली तरी गावाला त्याची जात दिसते. डुक्कर धरायला त्यालाच बोलावतात. नाक हे त्याच्या हातात असलेलं एकमेव काम होतं, म्हणून त्यानं ते धरलं.

आजच्या पोरींचं नाक मोबाईल बिघडवतो. हे मी रागानं बोलत नाही, भूमिती आहे. कॅमेरा जितका जवळ, तितकी पुढं असलेली वस्तू मोठी येते. नाक गालांपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हिशेब मांडून दाखवला की साधारण एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी जास्त दिसते. तीस टक्के! हे मी होस्टेलवर सांगितलं तेव्हा धपाटी खाणाऱ्या चारही हातांनी धपाटी खाली ठेवली. एकीनं लगेच खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोबाईल लावून फोटो काढून बघितला. मग दुसरीनं. अभ्यास बुडवल्याचा ठपका माझ्यावर आला, पण तो मी घेतला.

असाच एक प्रयोग कॉर्नेल विद्यापीठातला आहे, २००० साली छापून आलेला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असा, एका गायकाचं चित्र असलेला टीशर्ट घालायला लावला आणि भरल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांनी तुझा शर्ट पाहिला असेल? विद्यार्थ्यांना वाटलं, निम्म्यांनी तरी. प्रत्यक्षात लक्षात राहिला तो जेमतेम पाव जणांच्या. नव्या शाळेच्या दारात जु-ग्यंगला सगळं जग आपल्या गालांकडे बघतंय असं वाटतं, तेव्हा ती दुपटीचा हिशेब करत असते. जग आपापल्या गालांच्या काळजीत असतं.

इथवर पुटकुळी, नाक, उजेड. पण लातूर-नांदेडात पोरीच्या चेहऱ्याचा विचार पुटकुळीपाशी थांबत नाही, तो रंगाशी जातो. मागं नांदेडला पुतणीचा बायोडेटा छापायला गेले होते. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ, रास, नाडी, उंची, आणि मग 'वर्ण'. दुकानातला पोरगा की-बोर्डवर बोट धरून म्हणाला, "वर्ण काय टाकू काकू? निमगोरा टाकू का? सगळे तेच टाकायलेत." त्याच्या संगणकात तो शब्द आधीच भरून ठेवलेला होता. निमगोरी, गव्हाळ, उजळ, सावळी, काळीसावळी, काळी ठिक्कर. मराठीला ज्वारीच्या जाती मोजाव्यात इतके रंग मोजता येतात.

हे सगळे शब्द ज्या थरावर उभे आहेत त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकी आहे. कातडीचा वरचा पापुद्रा. त्याच्या तळाशी मेलानिन बनवणाऱ्या पेशी असतात, आणि शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं तेव्हा दिसलं की गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक आहे तो त्या पेशी बनवतात त्या रंगकणांचा: किती, केवढे, आणि किती दिवस टिकणारे. एकेक रंगपेशी आपल्या फांद्या पसरून आजूबाजूच्या तीस-चाळीस पेशींना हे कण वाटत असते. आणि ते कण त्या पेशीत जाऊन कुठं बसतात? पेशीच्या केंद्रकाच्या वर, सूर्याच्या बाजूला, टोपीसारखे. केंद्रकात आपला डीएनए असतो. अतिनील किरणं तो तोडतात. म्हणून प्रत्येक पेशी आपापल्या डीएनएच्या डोक्यावर छत्री धरून उभी असते. उन्हात निंदायला निघालेली बाई पदर जसा पुढं ओढते, अगदी तसं. मी हे पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रात पाहिलं तेव्हा बराच वेळ ते पान उलटवू शकले नाही.

आपल्याला ही छत्री का लागते? लातूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेअठरा अंशांच्या आत आहे, नांदेड एकोणीसच्या जरा वर. वर्षातून दोनदा सूर्य इथं दुपारी बरोबर डोक्यावर येतो, भांगात ऊन पडतं आणि उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली नाहीशी होते. सोल साडेसदतीस अंशांवर, कर्कवृत्ताच्या खूप वर. तिथं असा दिवस कधीच येत नाही. एकविसाव्या जूनलाही सूर्य तिथं डोक्यावरून चौदा अंश कलताच राहतो, आणि हिवाळ्यात तर तिरपा पडून राहतो. कमी उन्हात फार काळी छत्री धरली तर कातडीला ड जीवनसत्त्व बनवायला किरणंच पुरत नाहीत, म्हणून उत्तरेकडे छत्र्या पातळ होत गेल्या. यातही एक मौज आहे. युरोपकडची कातडी उजळली ती ज्या जनुकातल्या बदलामुळे, तो आपल्याकडेही बऱ्याच जणांत सापडतो. कोरिया-चीनकडची उजळली ती मुख्यतः दुसऱ्याच जनुकांतल्या बदलांनी. गोरेपणाला एकच गाव नाही.

नीना जाब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या दोघांनी २००० साली याच्या पुढचं मांडलं, आणि तेच मला सगळ्यांत जास्त चटका लावून गेलं. अतिनील किरणं रक्तातलं फोलेटही मोडतात. फोलेट म्हणजे पालेभाजीतलं तेच जीवनसत्त्व, ज्याच्या गोळ्या आशाताई गरोदर बायकांना घरपोच देतात. पोटातल्या बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी पहिल्या काही आठवड्यांत मिटते, त्याला फोलेट लागतं. ते कमी पडलं तर कणा उघडा राहू शकतो. जाब्लोन्स्कींचं म्हणणं असं की, कडक उन्हाच्या मुलखात काळी कातडी टिकली त्यामागं हे फोलेट राखण्याचं मोठं कारण असावं. म्हणजे बायोडेटाच्या ज्या रकान्यावर बोट ठेवून पोरीला नकार देतात, तो रकाना पुढच्या बाळाच्या कण्याची राखण करत आलेला आहे. स्थळ पाहायला आलेल्यांना हे कुणी सांगत नाही. तेवढ्यात पोहे येतात.

१९७५ साली, ज्या वर्षी भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण बरा झाला त्याच वर्षी, 'फेअर अँड लव्हली' आपल्याकडे बाजारात आलं. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो सोडवत नाही. चेहऱ्यावरची एक देवी गेली, दुसरी ट्यूबमधून आली. २०२० मध्ये कंपनीनं नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. नाव बदललेल्या त्या क्रीमपेक्षा मला धास्ती आहे ती नाव नसलेल्या डब्यांची. मेलानिन ज्या विकरामुळे बनतं त्याच्या पोटात तांब्याचे अणू असतात. पारा जाऊन ती जागा अडवतो आणि कारखाना बंद पडतो. रंग खरंच उजळतो, हीच त्यातली फसगत. कारण पारा तिथं थांबत नाही, कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींची बातमी आली होती. तिघींची मूत्रपिंडं सुजली, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढला तेव्हा तो चेहऱ्याच्या क्रीमपाशी पोचला आणि तपासणीत त्यात पारा निघाला. केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांना एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे पंधरा रुग्ण मिळाले, त्यातले तेरा गोरं होण्याचं क्रीम वापरत होते. कायद्यानं अशा क्रीममध्ये पारा दहा लाखांत एक भागाच्या वर चालत नाही.

दुसरी तऱ्हा स्टिरॉइडच्या मलमांची. नायट्यासाठी आणलेली ट्यूब, मैत्रिणीनं सांगितलं म्हणून गालाला लावलेली. स्टिरॉइडनं कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, चेहरा आठवड्यात फिकट, तुकतुकीत दिसतो. बंद केलं की गाल भाजल्यासारखे लाल होतात, म्हणून पुन्हा लावायचं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी चौदा स्टिरॉइडयुक्त मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. होस्टेलच्या कपाटात अशी ट्यूब दिसली तर तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. 'सोन' नाहीतर 'सॉल'नं संपणारं नाव असलं की त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. ती एकदम तोडूही नका, डॉक्टर सांगतील तशी कमी करा.

या सगळ्याच्या मधोमध आपल्याच जिल्ह्यांत काळ्या दगडाच्या बायका उभ्या आहेत. निलंग्याच्या नीळकंठेश्वर मंदिराच्या भिंतींवर, देगलूरजवळ होट्टलच्या चालुक्यकालीन देवळावर. यांना सुरसुंदरी म्हणतात. या घराण्यात एक ठरलेली मूर्ती असते, दर्पणा: हातात आरसा धरून स्वतःला न्याहाळणारी. दगड आपल्या पायाखालचाच बेसाल्ट, लोह-मॅग्नेशियमच्या खनिजांनी काळा झालेला. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या कारागिराला स्वर्गातली अप्सरा काढायची होती आणि हाती हा दगड होता. त्यानं तो घासून आरशासारखा केला. निलंग्याला गेलात तर सकाळी जा. तिरप्या उन्हात गालावर जी सावली पडते ती कुशनच्या डबीतून येत नाही.

कोरियाबद्दल एक राहिलं. तिथं नोव्हेंबरात बारावीच्या मुलांची 'सुनुंग' परीक्षा होते, आपल्या नीटइतकीच जीवघेणी. ती झाली की सोलच्या सौंदर्यशस्त्रक्रियेच्या दवाखान्यांत परीक्षेचं हॉल तिकीट दाखवणाऱ्याला सवलत मिळते. पापणीला घडी पाडून घ्यायची, नाक उंचवायचं, आणि मग कॉलेजात जायचं. त्याच देशात २०१७ पासून सरकारी संस्थांच्या नोकरीच्या अर्जात फोटो लावायचा नाही असं ठरलं, आणि २०१८ मध्ये कित्येक मुलींनी आपल्या मेकअपच्या डब्या फोडून त्यांचे फोटो टाकले. 'ट्रू ब्यूटी' या भांडणाच्या काळातली मालिका आहे. तिचा शेवटही अर्धा-अर्धा आहे: जु-ग्यंगचं बिंग फुटतं, ती धुतलेल्या चेहऱ्यानं शाळेत जाते, आणि पुढं मेकअपचंच काम पोटापाण्याला निवडते. भाचीला हा शेवट पटला नाही, मला पटला. रंग लावायचा तर आवडीनं लावावा, भीतीनं नाही, एवढं त्या पोरीनं मिळवलं. हॉल तिकिटाचं ऐकून मात्र भाची म्हणाली, "आपल्याकडे नीटचं हॉल तिकीट दाखवलं तर रसवंतीवालाबी पाच रुपये सोडायचा नाही."

पुतणीच्या बायोडेटातली 'वर्ण'ची ओळ मी त्या पोराला काढायला लावली. त्याला एक बटण दाबावं लागलं.

नीट मेच्या सुरुवातीला उरकते. त्यानंतर १३ मेच्या आसपास लातुरात आणि १६ मेच्या आसपास नांदेडात सूर्य डोक्यावर येतो, घड्याळात साधारण बारा वाजून वीस मिनिटांनी. लातुरात असलात तर गंजगोलाईत जा, जिथं सोळा रस्ते येऊन मिळतात. पाण्याची बाटली सपाट फरशीवर उभी करा आणि तिची सावली कशी तिच्या बुडाखाली शिरते ते बघा. दोन-तीन मिनिटांचाच खेळ असतो. डोक्याला मात्र रुमाल बांधा, कातडीखालच्या छत्र्यांवर सगळा भार टाकू नका.